चोर सोडून संन्याशाला फाशी: कबड्डीवरच्या एका कादंबरिकेच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२४

कोणी खेळाडू पोरांवर, त्यातही गे पोरांवर मराठीत लिहायला बसलं असेल तर उपयोगी पडेल म्हणून या नोंदी ठेवतोय. पहिला खर्डा थंडीत पुरा झाला. आता दुरुस्ती चालू.

गोष्ट थोडक्यात. परळकडचं एक मंडळ (मनातलं, शोधायला जाऊ नका), साल २०१८. पक्या रेडर (चढाई करणारा), संदेश राइट कॉर्नर (उजव्या टोकाला पकड करणारा), दोघं एकवीस-बावीसचे आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. विकी कॅप्टन. सावंत सर कोच. संदेशची बहीण श्रद्धा. पुढच्या जानेवारीत स्थानिक गटाची फायनल असते, ती मंडळ एका गुणाने हरतं आणि मग बाहेर येतं की या दोघांचं काय चाललंय. पुढे जे व्हायचं ते होतं.

खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला होता. ती म्हणाली, छान आहे, रडले, पण एक सांग, यात दोषी कोण? मी म्हटलं अगं उघड आहे, ती सगळी मर्दानगीची नाटकं. ती म्हणाली तुझ्या डोक्यात उघड असेल, कागदावर नाहीये.

म्हणून आज वही घेऊन बसलो. प्रत्येक प्रकरणापुढे दोन रकाने: वाईट काय घडलं, आणि ते घडल्यावर गोष्ट बोट कोणाकडे दाखवते. हे काम कंटाळवाणं आहे पण करा, कारण जे निघालं ते बघून घाम फुटला. दोघांचे चॅट फुटले? श्रद्धाने फोन उघडला म्हणून. संदेश हळवा? आईने एकट्याने वाढवलं, पदराखाली ठेवला म्हणून. विकी छळतो? कारण शेवटी कळतं की तो स्वतःच गे आहे. फायनल हरली? संदेशचं लक्ष पक्याकडे गेलं म्हणून. आणि सावंत सर, जे पहिल्या पानापासून पोरांना बांगड्या भरा म्हणतायत, त्यांच्या नावापुढे रकाना कोरा. उलट शेवटच्या प्रकरणात त्यांना दोन पानांचं भाषण, "माणूस म्हणून बघा रे त्यांच्याकडे" वगैरे, आणि टाळ्या.

म्हणजे बायका दोषी, गे दोषी, आणि ज्याने कारखाना चालवला त्याचा सत्कार.

१४ एप्रिल

विकीचा ट्विस्ट काढला. सगळ्यात जास्त जिवावर आलं ते हे, कारण वाचणारे तिथेच "ओह्" करायचे.

पण विचार करा ना, छळणारा आतून गेच निघाला की मग बाकीच्या दहा-बारा जणांना हात झटकून घरी जाता येतं. गे लोकांचा त्रास गे लोकच एकमेकांना देतात, आपला काय संबंध. असा माणूस खर्‍यात नसतोच असं नाही, असतो, पण गोष्टीत हा ट्विस्ट आला की छळाचं सगळं बिल त्याच छोट्या गल्लीत पाठवलं जातं.

अडचण अशी की ट्विस्ट काढल्यावर विकीला कारणच उरलं नाही. नुसता वाईट माणूस म्हणून ठेवला तर पुठ्ठ्याचा दिसतो. हा शनिवार-रविवार असाच गेला, काहीही लिहिलं तरी खोटं वाटत होतं.

५ मे

विकीचं कारण सापडलं आणि ते प्रेमात नाही, नोकरीत सापडलं. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे कबड्डी चांगली खेळणार्‍या पोराचं स्वप्न म्हणजे व्यावसायिक गटातला संघ, बँक, रेल्वे, पोलीस, तेल कंपनी, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी. २०१४ ला प्रो कबड्डी आल्यावर टीव्ही आणि लिलाव आला, पण चाळीतल्या आईबापाला अजून पटते ती पगाराची स्लिपच. आणि तिथपर्यंत जायचं तर कोचचा शब्द लागतो. अमुक पोरगा दमदार आहे, तमुक जरा नाजूक आहे. "नाजूक" एवढं एक विशेषण फोनवर कोणी उच्चारलं की पोराची चाचणी गेलीच म्हणून समजा.

विकीचं वय सव्वीस, अजून नोकरी नाही, दोन चाचण्या गेलेल्या. त्याच्या हातात एकच नाणं उरलंय, आपण सगळ्यात मर्द आहोत हे सरांना रोज दाखवणं, आणि ते दाखवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दुसर्‍या कोणाला तरी बायल्या ठरवणं. आता तो लिहिताना हात अडखळत नाही. वाईटच वागतो, पण कशासाठी ते कळतं.

मंडळाच्या खोलीतला प्रसंग नव्याने लिहिला. मारुतीची तसबीर, ट्रॉफ्यांचं कपाट, कोपर्‍यात वजनकाटा, दोरीवर वाळत घातलेले नी-कॅप. सर खुर्चीत. विकी संदेशकडे बघून काहीतरी फालतू बोलतो आणि बोलून झाल्यावर संदेशकडे नाही, सरांकडे बघतो. सर मिशीत हसतात. बस्स, एवढंच. आधी इथे पानभर शिव्या होत्या, त्या गेल्या. (शिव्या लिहायला मजा येते हे खरं आहे. पण पानभर शिव्या वाचून वाचणाराही हळूहळू विकीच्या बाजूने हसायला लागतो, हे एका वाचकाच्या तोंडावर बघितलं.)

१२ मे

फायनल. जुन्या खर्ड्यातलं वाक्य होतं: "संदेशची नजर क्षणभर पक्याकडे वळली आणि तेवढ्यात रेडर निसटला."

लिहिलं तेव्हा मला फार रोमँटिक वाटलं होतं. आता वाचलं तर सरळसरळ मंडळाच्या अध्यक्षाचंच म्हणणं आहे ते. प्रेम केलं, लक्ष गेलं, मॅच गेली. पात्रं चुकीचं बोलली तर हरकत नाही, पण इथे खुद्द निवेदकच अध्यक्षाच्या बाजूने साक्ष देतोय.

मग हार कशामुळे? खेळताना बघितलेलं आठवलं. आमच्यात गुडघे जातात. राइट कॉर्नरचं मुख्य काम अँकल होल्ड, घोटा धरायचा, धरून अंग वळवायचं, रेडरला मध्यरेषेकडे जाऊ द्यायचं नाही. सगळा जोर रोवलेल्या पायावर. तर संदेशचा गुडघा फायनलच्या आधीच गेलेला असेल, सर्वांना माहीत असेल, तरी त्याला उभा केला असेल.

ओळखीचा एक फिजिओ आहे, त्याला प्रसंग वाचून दाखवला. पहिल्याच पानाला थांबवलं. मी लिहिलं होतं की संदेश वेदनेने कळवळत खेळतोय. तो म्हणाला असं नसतं रे नेहमी, लिगामेंट तुटलेला पोरगा काही आठवड्यांनी सूज उतरली की सरळ रेषेत आरामात धावू शकतो, म्हणून तर कोच म्हणतात धावतोय की, नाटकं करतो. वळायची वेळ आली की गुडघा सटकतो. आणि पेनकिलरचं इंजेक्शन दुखणं मारतं, गुडघा घट्ट करत नाही. उलट दुखत नाही म्हणून पोरगा जास्त जोर लावतो.

ही माहिती म्हणजे लॉटरी. कारण आता सकाळी मैदानाला फेर्‍या मारणारा संदेश सगळ्यांना दिसतो, आणि "धावतोय की" हे सरांच्या तोंडचं वाक्य पूर्ण कादंबरिकेचं कुलूप-किल्ली झालं. संदेश एकदा म्हणतो, सर गुडघा धरत नाहीये. सर म्हणतात, बाईसारखा कुरकुरू नको. मग तो परत म्हणत नाही. का म्हणत नाही ते वाचणार्‍याला माहीत आहे, त्याला भलत्याच गोष्टीसाठी "बाई" ठरायची भीती आहे, त्यामुळे साध्या गुडघ्यासाठीसुद्धा तो तोंड उघडू शकत नाही.

१९ मे

निवेदक बदलला. आधी सर्वज्ञ होता, त्याला सगळं माहीत, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य निकाल वाटायचं. आता बाळ्या सांगतो, राखीव खेळाडू, राइट कॉर्नरचाच. बाकावर बसलेला. फायनलचा तुकडा आता असा आहे:

"तिसरी रेड होती त्यांची, आधीच्या दोन कोर्‍या गेलेल्या, गुण आणावाच लागणार होता. संदेशने घोटा बरोबर उचलला, दोन्ही हातांनी, डोकं आत. मग त्याला वळायचं होतं. पाय रोवला आणि गुडघा आतल्या बाजूला बसला, कुजक्या शिडीची पायरी बसावी तसा. रेडर त्याला अंगावर घेऊनच रेषेवर पडला. मागून कोणीतरी म्हणालं, लक्ष कुठे होतं त्याचं. मी पण मान हलवली."

बाळ्याने गुडघा बघितलाय, तरी मान हलवतो. वाचणार्‍याला दोन्ही दिसतं. माझ्या मते अशा गोष्टीत खापर चुकीच्या डोक्यावर फुटताना दाखवायचं असेल तर खरं कारण आधी, अगदी साध्या शब्दात, डोळ्यासमोर ठेवून द्यावं, आणि मग पात्रांना ते ओलांडून जाऊ द्यावं. नंतर खुलासा म्हणून सांगितलं तर ते रहस्यकथेसारखं होतं.

निवेदक बदलणं महाग पडलं, वेळेच्या हिशोबात. जिथे बाळ्या हजरच नव्हता असे सगळे प्रसंग, पक्या आणि संदेशचे एकट्यातले, बाद. त्यातले काही मला फार आवडत होते. एक ठेवला, शिवडीच्या बाजूचा, बाळ्याला लांबून दोघं कठड्यावर बसलेले दिसतात आणि तो हाक मारत नाही.

२ जून

तारखा लावल्या. हे आधी करायला हवं होतं पण असो. २०१८ साल मी कलम ३७७ च्या (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणार्‍या) निकालासाठी घेतलं होतं, ६ सप्टेंबर, गुरुवार. तारखा मांडताना लक्षात आलं की त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी, २३ ऑगस्टच्या गुरुवारी, जकार्ताच्या एशियाडमध्ये आपले पुरुष इराणकडून सेमीफायनल हरले, २७-१८. १९९० पासूनची सातच्या सात सुवर्णं आपली होती. दुसर्‍या दिवशी बायकांची फायनल, तीही इराणकडून, २७-२४. आणि इराणच्या बायकांच्या कोच नाशिकच्या शैलजा जैन.

मंडळाच्या कट्ट्यावर त्या दोन दिवसांत काय बोलणी झाली असतील याची कल्पना करायला डोकं लागत नाही. म्हणून एक नवीन प्रकरणच आलं. हरल्यावर कोणी इराणचा खेळ चांगला झाला असं म्हणत नाही. अध्यक्ष नाना म्हणतात नाशिकच्या बाईने घरचं सगळं तिकडे शिकवलं. विकी म्हणतो लिलावाच्या पैशाने पोरं मऊ झाली. सर म्हणतात आमच्या वेळी मातीत खेळायचो. संदेश गप्प. पुढे जानेवारीत त्याच्यावर जे येणार आहे त्याची तालीमच आहे ही, फक्त अजून डोकं ठरलेलं नाही.

त्याच जकार्तात २६ ऑगस्टला धावपटू दुती चंदने १०० मीटरचं रौप्य घेतलं, मग २०० चंही. आणि पुढच्या मे महिन्यात तिने जाहीर सांगितलं की आपलं एका मुलीवर प्रेम आहे. हे मी श्रद्धाच्या प्रकरणासाठी वाचत होतो, कारण तेव्हा काय झालं बघा: थोरल्या बहिणीचं म्हणणं की त्या मुलीच्या घरच्यांनी दुतीवर दबाव टाकला, तिच्या पैशावर डोळा आहे. दुतीचं म्हणणं की बहीणच ब्लॅकमेल करत होती म्हणून आपल्याला बोलावं लागलं. कोण खरं ते ठरवणारा मी कोण, पण घरातलं भांडण लगेच "त्या मुलीने बिघडवली" इथे कसं येतं ते दिसतं. माझ्या पुस्तकात नेमकं तेच चाललं होतं, पक्याच्या घरच्यांनी संदेशला दोष द्यायचा, संदेशच्या घरच्यांनी पक्याला, आणि दोन्ही घरं मिळून श्रद्धाला. ते ठेवलं. फक्त चॅट फोडायचं काम श्रद्धाकडून काढून बाळ्याकडे दिलं. तो स्क्रीनशॉट मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, खाली हसणारे इमोजी येतात, त्यातला एक सरांचा.

निकालाचा दिवस मात्र पुस्तकात जवळजवळ काहीच नाही. दोन-तीन दिवस आधी दहीहंडी झालेली, पोरांचे खांदे सुजलेले, टीव्हीवर बातमी लागते, नाना चॅनेल बदलतात. कोर्टाने गुन्हा नाही म्हटलं आणि मंडळाच्या खोलीत वारा पण हलला नाही. आधी इथे पक्या-संदेश मिठी वगैरे मारत होते. काढलं.

२३ जून

पैसे देऊन एक वाचक घेतला. कल्याणचा आहे, शाळेत खो-खो खेळायचा, चालण्याबोलण्यावरून चिडवून चिडवून सोडायला लावला. मानधन ३००० रुपये, दोन प्रती प्रिंट करायला ६५० गेले. पैसे देऊन वाचून घ्या, फुकट वाचणारा मित्र असतो, तो जपून बोलतो.

हा जपून बोलला नाही. म्हणाला, तुझे दोघेही हिरो पिळदार, आवाज जाड, दोघांना बघून कोणाला संशय पण येणार नाही, म्हणूनच तुला त्यांची दया येते. माझ्यासारखा एकच आहे तुझ्या पुस्तकात, मधू, गुणलेखक, आणि तो आला की विनोद असतो. पक्यासुद्धा त्याला हसतो आणि ते तू गोड म्हणून लिहिलंयस.

उघडून बघितलं तर खरंच होतं. सगळ्या पुस्तकात मर्दानगीला शिव्या आणि सहानुभूती मिळवायची अट काय, तर मर्द दिसणं. "आम्ही गे आहोत पण तसले नाही" हे वाक्य संदेश एकदा बोलतो, ते मी त्याचा स्वाभिमान म्हणून लिहिलं होतं.

वाक्य ठेवलं, पण आता ते मधू ऐकतो.

३० जून ते ७ जुलै

मधूचं काय करायचं यावर आठवडा. त्याला शहाणा, सोसणारा, सगळ्यांना माफ करणारा करायचा मोह झाला. लिहिलं पण तसं. भयंकर झालं, देवळातल्या पुजार्‍यासारखा बोलायला लागला.

मग त्याचं काम काय आहे याचा विचार केला. गुणलेखक. गुणपत्रकावर सगळं येतं, कोणाची रेड, कोणाची पकड, लोण (अख्खा संघ बाद) कधी, टाइमआउट कधी घेतला, कोण बदली आला. फायनलचं पत्रक मधूने लिहिलंय. त्यात स्पष्ट आहे की दुसर्‍या हाफमध्ये टाइमआउट शिल्लक होता, बदली शिल्लक होती, बाळ्या बाकावर गरम होऊन बसला होता आणि राइट कॉर्नर बदललाच नाही. सरांनी बदलला नाही. कारण बदलला असता तर गुडघा गेलाय हे मान्य करावं लागलं असतं, आणि मग त्याला आधी उभा का केला हा प्रश्न.

मंडळाच्या बैठकीत संदेशला आणि पक्याला काढायचं चालू असतं तेव्हा मधू पत्रकाची झेरॉक्स टेबलावर ठेवतो. भाषण नाही. नाना म्हणतात हे काय आता मध्येच. कोणी वाचत नाही. बाळ्या वाचतो, कारण बदली म्हणून त्याच्याच नावापुढची जागा कोरी आहे तिथे. रुसलेला, टोचून बोलणारा, जरा स्वार्थीपण मधू आता मला आवडतो. पक्याला तो शेवटपर्यंत माफ करत नाही.

१४ जुलै

एक उलटी चूक होता होता राहिली, तीही सांगतो. सगळ्यांना कारणं देता देता सरांनाही दिलं. त्यांचाही गुडघा तरुणपणी असाच गेलाय, कोणी दखल घेतली नाही, म्हणून मंडळाच्या पूजेला सगळे सतरंजीवर आणि ते खुर्चीवर. हे चांगलं आहे, ठेवलंय. पण मग नानांनाही कारण, विकीला कारण, बाळ्याला कारण, आणि शेवटी बाळ्या म्हणतो "दोष कोणा एकाचा नव्हता, समाजाचाच होता."

मैत्रिणीला पाठवलं. तिचा एका ओळीचा मेसेज: समाजावर खापर फोडलं की कोणालाच लागत नाही.

वाक्य उडवलं. परत वहीचे रकाने काढले, या वेळी तिसरा वाढवला: नेमकं कृत्य. इंजेक्शन कोणी आणायला सांगितलं, सरांनी. आणून कोणी दिलं, विकीने. स्क्रीनशॉट, बाळ्या. नोकरीच्या चाचणीसाठी पक्याचं नाव कोणी खोडलं, नानांनी, सरांना विचारून. हसला कोण, सगळे. प्रत्येकाला त्याच्या कृत्याएवढंच. सरांच्या गुडघ्याची हकीगत इंजेक्शनच्या आधी आणली, नंतर नाही, म्हणजे ती माफीचा अर्ज वाटत नाही. आधी वाचून वाटतं अरे हा तरी समजून घेईल, आणि तो समजून घेत नाही.

आई पदराखालून सुटली. ती आता फक्त एकदा विचारते, एमआरआय काढू या का, आणि संदेश म्हणतो सर म्हणाले गरज नाही.

२८ जुलै

एका दिवाळी अंकाला पाठवलं होतं, छोटं करून. संपादकांचा फोन आला, फार सभ्य माणूस. म्हणाले, विषय धाडसी आहे, पण शेवट कोरडा वाटतो, दोघांतला एक गेला तर परिणाम होईल. मी विचारलं गेला म्हणजे? म्हणाले, तुम्हाला कळलं मी काय म्हणतो ते.

पहिल्या खर्ड्यात संदेश मरत होता, हे इथे नोंदवायचं राहिलं. तो मेला की सगळ्यांना रडता येतं आणि रडणार्‍याला कोणी जाब विचारत नाही. सावंत सर पण रडायचे त्यात. आता संदेश जिवंत आहे, ऑपरेशन झालंय, खुर्चीवर बसून टाचेखाली टॉवेल घेऊन गुडघा सरळ करायचा व्यायाम करतो, पक्या ठाण्याला एका जिममध्ये लागलाय, दोघांचं अजून आहे की नाही ते बाळ्याला नीट माहीत नाही. संपादकांना नाही कळवलं. मानधन गेलं.

११ ऑगस्ट

सध्याची स्थिती. पहिल्या सहा प्रकरणांना आता हात लावणार नाही. सातव्यात फायनलच्या वेळेचा घोळ आहे, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ आणि मधली पाच मिनिटं धरून बाळ्याच्या घड्याळाशी जुळत नाही, ते बघायचंय. बैठकीच्या प्रकरणात नाना अजून जास्त बोलतात. कल्याणवाल्या वाचकाला दुसरी फेरी सांगितली, तो म्हणाला पाचशे वाढव, वाढवले. त्याने एक प्रश्न पाठवलाय ज्यावर अजून अडकलोय: बैठकीनंतर पक्या मधूला एकदा तरी सॉरी म्हणतो का, आणि नसेल म्हणत तर ते बाळ्याला दिसतं का. माझं मत, म्हणत नाही. पण मग आठवं प्रकरण पक्याच्या बाजूने इतकं मऊ चालणार नाही, ते परत उघडावं लागेल.